हाकेला उत्तर आले नाही तर?

१९ जुलै २०२४, शुक्रवार. जगभरातील सुमारे ८५ लाख संगणकांचे पडदे एकाएकी निळे झाले आणि कामे ठप्प झाली. आपल्याकडच्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. परदेशांतील काही रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. यामागे ना व्हायरस होता, ना घातपात. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक आज्ञावलीला त्या दिवशी माहितीची एक नवी फाइल मिळाली. तिच्यातील नियमासाठी २१ वी किंमत तपासावी लागे. आज्ञावलीच्या हाती मात्र २० च किमती होत्या. 'एवढ्या किमती आपल्याकडे आहेत का?' हे न पाहताच ती एकविसाव्या जागी वाचायला गेली.

एका चुकीच्या वाचनाने सारा संगणक का थांबावा? आपण पत्र टाइप करतो ती आज्ञावली मर्यादित अधिकाराने चालते. तिने भलत्याच स्मृतीला हात लावला, तर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, तिला तेवढीच बंद करतो. बाकीची कामे चालू राहतात. डिस्क, नेटवर्क कार्ड अशा उपकरणांशी बोलणारे दुभाषे म्हणजे ड्रायव्हर. ते बहुधा कर्नलच्या आतच, त्याच्याच पूर्ण अधिकाराने चालतात. वरील चूकही अशाच एका ड्रायव्हरच्या आत घडली. तेथे सावरायला वर कोणी नसते. नेमके काय बिघडले हे न कळता काम रेटले तर डिस्कवरची चांगली माहितीही खराब होऊ शकते, म्हणून विंडोज जाणूनबुजून थांबते. निळा पडदा तो हाच. सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. पण हा ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच कामाला लागत असल्याने यंत्रे पुन्हा पुन्हा कोसळत राहिली, आणि असंख्य ठिकाणी माणसांना यंत्रापाशी जाऊन ती फाइल काढावी लागली.

मग ड्रायव्हर लिहिणाऱ्याने काय पाळावे? आम्हांला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, मागितलेले मिळेलच असे धरू नये. कर्नलकडे स्मृती मागितली तर ती शिल्लक नसू शकते. लिनक्समध्ये अशा वेळी उणे १२ हा आकडा परत देण्याचा संकेत आहे. उपकरणाशी देवाणघेवाण फसली तर उणे ५. हा आकडा काम सांगणाऱ्या आज्ञावलीपर्यंत पोचला की 'फाइल वाचता आली नाही' असा साधा निरोप आपल्याला मिळतो आणि संगणक चालू राहतो. काम झाले नाही हे सांगण्यात धोका नाही. न झालेले काम झाले असे समजून पुढे जाण्यात आहे.

दुसरी, वाट पाहण्याला मर्यादा हवी. उपकरण कामात असेल तर एक ठराविक बिट १ असतो, मोकळे झाले की ० होतो, असे समजा. ड्रायव्हर तो ० होण्याची वाट पाहत आहे आणि तेवढ्यात कार्ड निघाले. पीसीआय प्रकारच्या जोडणीत, नसलेल्या उपकरणाकडून वाचले तर सगळे बिट १ च येतात. म्हणजे जे उपकरण उरलेच नाही, ते 'मी कामात आहे' असे सांगत राहते! वेळेची मर्यादा नसेल तर ही वाट कधीच संपत नाही.

तिसरी, आवराआवर उलट क्रमाने करावी. प्रयोगशाळेत आपण आधी तिवई ठेवतो, तिच्यावर जाळी, जाळीवर चंचुपात्र. पात्राला तडा दिसला तर आधी पात्र उतरवतो, मग जाळी, शेवटी तिवई. आधी तिवई ओढली तर काय होईल हे सांगायला नको. ड्रायव्हरही आधी स्मृती घेतो, मग उपकरणाची हाक, म्हणजे इंटरप्ट, ऐकण्याची व्यवस्था करतो, मग उपकरणाची नोंदणी करतो. नोंदणी फसली तर आधी इंटरप्टची व्यवस्था मोडावी आणि मग स्मृती परत करावी. क्रम चुकला आणि मधल्या क्षणी उपकरणाने हाक दिली, तर ड्रायव्हर आता दुसऱ्या कोणाची झालेली स्मृती बिघडवून टाकेल.

हे सारे ठाऊक असूनही चुका होतात. २००१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी लिनक्सची आज्ञावली तपासली, तेव्हा काही प्रकारच्या चुकांचे प्रमाण उरलेल्या कर्नलच्या मानाने ड्रायव्हरमध्ये तीन ते सात पट आढळले. शिवाय चूक सावरणाऱ्या ओळी क्वचितच चालतात, त्यामुळे त्यांच्यातला दोष वर्षानुवर्षे झाकलेला राहू शकतो. म्हणून चाचणीत संकट मुद्दाम आणावे लागते. 'स्मृती नाही' असे कर्नलने खोटेच सांगण्याची सोय लिनक्समध्ये आहे. विंडोजच्या ड्रायव्हर व्हेरिफायरमध्येही तशी सोय आहे.

वर्गात हे शिकवायला संगणकही लागत नाही. विद्यार्थ्यांना प्रयोगाची कृती लिहायला सांगावी आणि प्रत्येक पायरीसमोर दोन रकाने ठेवावेत: 'हे झाले नाही तर?' आणि 'तोवर केलेले कोणत्या क्रमाने आवरू?' आपण एरवी फक्त यशाची कृती लिहून घेतो. हे दोन रकाने भरता आले, तर कृती खरोखर समजली असे आम्ही म्हणू.