स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा माग

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले, आणि हा रोग किती घातकी असतो हे अकोल्याच्या जुन्या शहरातही घरोघरी बोलले गेले. प्रयोगशाळांनी त्याचा माग मात्र तीस वर्षे आधीच काढायला घेतला होता.

१९८८ मध्ये मॅन्युअल पेरूचो यांच्या गटाला या गाठींमध्ये केरास जनुक बिघडलेले आढळले. पेशीला वाढीचा हुकूम द्यायचा आणि मग थांबायचे, हे त्याच्या प्रथिनाचे काम. त्यातले बाराव्या जागेवरचे एक अमिनो आम्ल बदलले की ते थांबतच नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक गाठींत केरासचा बिघाड असतो. १९९६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्समध्ये स्मॅड४ हे पेशीची राखण करणारे जनुक सापडले. पी१६ आणि पी५३ या तशाच राखणदार जनुकांसह तेही या गाठींत अनेकदा निकामी होते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते २०१० चे काम. ख्रिस्टीन आयाकोबुझियो-डोनाह्यू आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांच्या मृत्यूनंतर त्यांच्या गाठी तपासून बिघाडांचा कालक्रम मांडला. पहिल्या बिघाडापासून कर्करोगाची मूळ पेशी तयार व्हायला किमान दहा वर्षे, आणि ती दुसऱ्या अवयवांत पसरण्याजोगी व्हायला आणखी किमान पाच. निदानानंतर माणूस अनेकदा काही महिन्यांत हातचा जातो, पण त्याआधी दीड दशक आजार आत मुकाट वाढत असतो! एवढा वेळ हाताशी असून तो पकडण्याची सोपी तपासणी अजून नाही, ही मोठी उणीव आहे.

केरासवर औषध निघणारच नाही, असे मानले जाई. २०१३ मध्ये केव्हन शोकाट यांच्या गटाला त्या प्रथिनात औषध बसेल अशी खाच सापडली. २०२१ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगासाठी केरासवरच्या पहिल्या गोळीला मंजुरी मिळाली. ती केरासमधील ज्या बदलावर चालते, तो स्वादुपिंडाच्या शंभर रुग्णांत एकदोघांतच असतो.

आपल्याकडेही कर्करोग संशोधनाची परंपरा जुनी आहे. वसंत खानोलकरांनी १९५२ मध्ये मुंबईत कर्करोग संशोधन केंद्र उभारले, कमल रणदिवेंनी तिथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा घडवली. तो वारसा आज खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात आहे. वऱ्हाडातून मुंबईच्या ‘टाटा’ कर्करोग रुग्णालयात जाणाऱ्या आपल्या माणसांच्या गाठींवरही २०१० च्या त्या कामासारखे खोल काम व्हायला हवे.

तंबाखू ओढा वा चघळा, या रोगाचा धोका वाढतोच. म्हणून तंबाखूचा खर्रा सोडा. न दुखता डोळे पिवळे झाले, वजन उतरले, किंवा पन्नाशीनंतर अचानक साखर वाढली, तर कावीळ उतरवून घेण्यात आठवडे घालवू नका. आधी डॉक्टरांकडून पोटाची तपासणी करून घ्या.