डॉक्टरांनी लिहून दिलेला गेम

औषधाच्या चिठ्ठीवर चक्क व्हिडिओ गेम! जून २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली. गेमचं नाव ‘एंडेव्हरआरएक्स’. तो ८ ते १२ वर्षांच्या, एडीएचडी (अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता) असलेल्या मुलांसाठी होता. मात्रा ठरलेली : रोज २५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे. टॅब्लेट कलवून पात्राला वाटेवर ठेवायचं आणि सांगितलेलं लक्ष्य दिसलं तरच बोट टेकवायचं. बाकी कितीही काही चमकलं तरी तिकडे बघायचं नाही. मुलाचा हात बसला की गेम आपोआप अवघड होतो.

३४८ मुलांवर त्याची चाचणी झाली. तुलनेसाठी काहींना शब्दांचा गेम दिला होता. संगणकावरच्या अवधान-चाचणीत एंडेव्हर खेळलेली मुलं पुढे गेली. पण पालकांना आणि डॉक्टरांना रोजच्या वागण्यात दिसलेली सुधारणा मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती! माझ्या मते या संशोधनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच.

‘गेम खेळताना तासभर हलत नाही, मग गृहपाठाच्याच वेळी काय होतं?’ असं पालक वैतागून विचारतात. गेममध्ये पुढची पायरी समोर दिसते, चूक लगेच कळते, बक्षीस दर काही सेकंदांनी मिळतं. गृहपाठात किंवा दप्तर भरण्यात यातलं काहीच नाही. कामाला हात घालणं, क्रम डोक्यात धरणं, किती वेळ लागेल याचा अंदाज घेणं हे सगळं मुलाला स्वतःच करावं लागतं, आणि एडीएचडीत अडतं ते तिथंच. हा आळस नव्हे.

नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या ‘प्लॅन-इट कमांडर’ने म्हणून वेगळी वाट धरली. त्यात अंतराळयानाचा कप्तान झालेलं मूल वेळेचं नियोजन, कामांची आखणी आणि इतरांना मदत करणं शिकतं. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या १७० मुलांवरचा त्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दहा आठवडे हा गेम खेळलेल्या मुलांचं वेळेचं नियोजन सुधारल्याचं पालकांनी नोंदवलं. अर्थात कोणतं मूल गेम खेळतंय हे त्या पालकांना माहीत होतं, त्यामुळे या निकालाकडे थोडं सावधपणेच पाहावं लागतं. तरीही जे कौशल्य हवं तेच खेळात आणायचं, ही दिशा मला जास्त पटते.

औषधं, वर्तनोपचार आणि शिक्षकांची साथ यांची जागा यांपैकी कोणताच गेम घेत नाही. ‘एकाग्रता वाढवा’ म्हणणाऱ्या ॲपला पैसे मोजण्याआधी त्याची चाचणी कोणत्या मुलांवर झाली आणि त्यात नेमकं काय मोजलं, हे विचारा. गेम घेतलाच, तर तो संपल्यावर पाच मिनिटं मुलाजवळ बसा. गेममध्ये आधी काय करायचं ते कसं ठरवलंस, हे त्याच्याकडूनच ऐका आणि उद्याचं दप्तर त्याच रीतीने त्याला भरू द्या.