दगड कुठून फोडला?

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाची सहल चिखली-बुलढाणामार्गे अजिंठ्यास गेली. निघताना बाबा म्हणाले, "चित्रं तर पुस्तकातबी दिसतीन. त्यायनं दगड कुठून फोडाले सुरुवात केली, थे पाहून ये." माझे वडील विहिरी खोदण्याच्या कामावर जातात, म्हणून त्यांचा प्रश्न असा.

वाघूर नदी येथे घोड्याच्या नालासारखे वळण घेते. त्या वळणावरच्या कड्यात ३० लेणी आहेत. थोडी इसवी सनापूर्वीची, बाकीची पाचव्या शतकातील. चैत्य म्हणजे प्रार्थनेचे दालन, त्याच्या टोकाशी स्तूप. विहार म्हणजे भिक्खूंचे निवासस्थान. तुर्कस्तानात इहलारा येथे नदीच्या दरीत अशीच ख्रिस्ती प्रार्थनामंदिरे खडकात कोरलेली आहेत, असे सरांनी सांगितले. पण तेथील खडक ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ. आपला मात्र काळा बेसाल्ट. लोणारच्या विवराचा आणि आमच्या विहिरींचाही तोच!

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव कोरून ठेवले. आम्हांला मात्र भिंतीला हात लावण्यासही मनाई!

१६ क्रमांकाच्या लेण्यात मी थबकलो. तेथील शिलालेखाप्रमाणे ते लेणे वराहदेवाने करविले. हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि या वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. वाशीमला माझी मावशी दिलेली आहे! आजवर अजिंठा मला दूरदेशीचा वाटत होता.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर २४ व्या लेण्यात मिळाले. ते अपुरे राहिले म्हणूनच तेथे कामाची रीत दिसते. आधी छत पुरे करायचे, मग खाली उतरत जायचे. त्यामुळे छताच्या कामाला परांची लागत नाही. खडकात समांतर गल्ल्या खोदायच्या, मधल्या जाड भिंती नंतर फोडायच्या, आणि खांबांसाठी हवा तेवढा दगड राखायचा. राखलेला दगड एकदा उडाला की जोडता येत नाही. टाकीचे घाव अजून तसेच आहेत. सर्वजण पहिल्या लेण्यातील पद्मपाणीविषयी बोलत होते. मी त्या अर्धवट भिंतीपाशीच अधिक वेळ उभा राहिलो.

घरी आल्यावर बाबांना सारे सांगितले. ते म्हणाले, "म्हंजे आपल्या विहिरीवानीच, वरून खाली. पण त्यायले मलबा यारीनं वर ओढा लागला नसन. समोरच नदी." मग जरा थांबून विचारले, "अन् काम अर्धं काऊन सोडलं?"

"हरिषेण गेला आणि थोड्याच काळात त्याचे राज्यही मोडले," मी म्हणालो.

गेल्या उन्हाळ्यात एका मालकाची विहीर अशीच अर्धी राहिली होती.

"मंग मजुरी बुडाली असन," बाबा म्हणाले.