हजार तास आणि दहा सेकंद

संपादकांचा निरोप दोन ओळींचा होता : कॅलिफोर्नियात भावाकडे जातेच आहेस, तर पदरच्या पैशाने जुनी लढाऊ जेट पाळणाऱ्यांवर लिही. म्हणून एका छोट्या विमानतळावरच्या हँगरमध्ये पोचले. मनात मालकांच्या श्रीमंतीचे प्रश्न होते. पण अख्खी सकाळ मी अडकून पडले ती कॉकपिटच्या डाव्या बाजूच्या एका दांड्यात.

विमान होतं एल-३९ अल्बाट्रॉस. चेकोस्लोव्हाकियातल्या एरो व्होडोखोडी कारखान्यातलं हे प्रशिक्षण जेट १९६८मध्ये पहिल्यांदा उडालं. पुढे जवळपास तीन हजार विमानं बनली आणि सोव्हिएत गट कोसळल्यावर त्यातली कितीतरी अमेरिकेतल्या हौशी वैमानिकांकडे आली.

इथले प्रशिक्षक सत्तरीचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. इंजिन बंदच होतं. त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं, डावा हात थ्रॉटलच्या दांड्यावर ठेवायला लावला आणि म्हणाले, "धावपट्टी समोर आहे, विमान फार खाली आलंय. दांडा पुढे ढकल आणि मोठ्याने सेकंद मोज." मी मोजू लागले. पाचवर थांबून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली : अजून. दहावर ते म्हणाले, "आता ताकद मिळाली. तोवर जमिनीवर आपटली असतीस."

या इंजिनाला अगदी मंद गतीवरून पूर्ण जोरावर यायला नऊ ते बारा सेकंद लागतात. आतली जड चाकं वेग घेईपर्यंत इंधन बेतानेच सोडावं लागतं. एकदम ओतलं तर टर्बाइन तापतं, हवेचा प्रवाह बिघडतो. उतरताना वेग ताशी दोनशे किलोमीटर धरला, तर दहा सेकंदांत अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर सरतं. म्हणून उतरताना इंजिन मंदावू द्यायचं नाही, विमानाची चाकं आणि फ्लॅप खाली सोडून हवेचा अडसर वाढवायचा आणि त्याविरुद्ध इंजिन चढतंच ठेवायचं. पंख्याच्या विमानात दांडा ढकलला की लगेच ओढ मिळते. तिथे हजारो तास मुरलेल्या हाताला ही सवय मुद्दाम मोडावी लागते.

एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन, अशा जेटसाठी साधारणपणे एकूण १००० तासांचा अनुभव मागतं. त्यातले ५०० तास विमानाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेऊन उडवलेले हवेत. वर त्याच जातीच्या विमानावर प्रशिक्षण आणि परीक्षा. मगच त्या विमानाचं नाव परवान्यावर चढतं.

त्याच जातीच्या विमानावर, या शब्दांची किंमत कॅलिफोर्नियातल्याच सॅक्रामेंटो शहराने मोजली आहे. २४ सप्टेंबर १९७२ला तिथल्या एक्झिक्युटिव्ह विमानतळावरून एक खासगी सेबर जेट उडायला निघालं. नाक गरजेपेक्षा जास्त वर उचललं गेलं, त्याने हवेचा अडसर वाढला आणि विमान उंची घेईना. धावपट्टी संपली. रस्त्यापलीकडे आइस्क्रीमचं दुकान होतं. २२ माणसं गेली, त्यांत १२ मुलं. त्या जातीच्या विमानावर वैमानिकाचा अनुभव चार तासांचाही नव्हता. चौकशीत त्याचा अपुरा सराव आणि डोळ्यांना फसवणारी दृश्यं, ही कारणं नोंदली गेली. त्यानंतर नियम कडक झाले.

तरीही एकूण तासांचा मोठा आकडा भुलवतो. २२ ऑगस्ट २०१५ला इंग्लंडमधल्या शोरम इथे हवाई कसरती करताना हॉकर हंटर हे जुनं लढाऊ जेट रस्त्यावर कोसळलं आणि ११ जण गेले. वैमानिकाच्या नावावर एकूण चौदा हजारांवर तास होते, हंटरवर मात्र चाळीसच्या आसपास. कोलांटी घेताना माथ्यावर जेवढी उंची हवी होती, त्याहून विमान बरंच खाली होतं. तो दुसरं एक जेटही उडवायचा आणि त्याची ठरलेली उंची कमी होती. तीच त्याच्या डोक्यात असावी, अशी शक्यता चौकशी अहवालाने मांडली आहे.

मालकांवर लिहायला गेले होते, पण दोन्ही अपघातांचं वाचल्यापासून माझा जीव रस्त्यावरच्या आणि दुकानातल्या माणसांपाशी अडकला आहे. या छंदात त्यांचा काहीच वाटा नव्हता. त्यांच्यासाठी एकूण तास दुय्यम आहेत. याच विमानावर किती आणि गेल्या महिन्यात किती, हे आधी विचारायला हवं. अडचणी पुढेही वाढणारच आहेत. सीटसकट वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या यंत्रणेतल्या स्फोटक काडतुसांची मुदत संपते, नवी मिळवणं जिकिरीचं असतं, म्हणून कित्येक विमानांत ती यंत्रणा बंदच ठेवलेली असते. आणि ही जेट नोकरीत उडवलेली पिढी थकत चालली आहे. हाताची सवय मोडायला शिकवणारं माणूस शेजारी नसेल, तर नियमाचं पुस्तक एकटं काय करणार?

मी निघाले तेव्हा पुढच्या सीटवर नवा विद्यार्थी बसला होता. पिकलेले केस, प्रवासी विमानांवरचे हजारो तास. इंजिन बंद होतं, डावा हात दांड्यावर. प्रशिक्षक शिडीवर उभे होते आणि तो खणखणीत आवाजात मोजत होता : सात, आठ, नऊ...