वर्गमूळयुक्त फलांचे खंडशः समाकलन : सूत्रामागील युक्तिवाद

सारांश : वर्गमूळयुक्त द्विघाती फलांच्या समाकलनाची प्रमाणित सूत्रे विद्यार्थी बहुधा पाठ करतात. खंडशः समाकलनाने ती कशी सिद्ध होतात व त्यांतील पदांचा भूमितीय अर्थ काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सूचक शब्द : समाकलन, खंडशः पद्धती, वर्गमूळ, वर्तुळखंड.

प्रस्तावना : महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता बारावीच्या गणितात √(अ² − क्ष²), √(क्ष² + अ²) व √(क्ष² − अ²) यांच्या समाकलनाची तीन सूत्रे येतात. ती दिसावयास सारखी असल्याने चिन्हांची गल्लत होते. सेलूसारख्या तालुक्याच्या ठिकाणी शिकवणीच्या सोयी मर्यादित असतात. अशा ठिकाणी विसरलेले सूत्र स्वतः पुन्हा मिळविता येणे, हीच विद्यार्थ्याची खरी शिदोरी होय.

सिद्धता : समाकलन क्ष या चलास अनुसरून आहे, अवकलाचे चिन्ह सोयीसाठी गाळले आहे.

स = ∫ √(अ² − क्ष²) · १

येथे दोन्ही गुणक बैजिक असल्याने फलांच्या क्रमाचा परिचित नियम उपयोगी पडत नाही. वर्गमूळ प्रथम फल व १ हे द्वितीय फल मानल्यास,

स = क्ष√(अ² − क्ष²) + ∫ क्ष² / √(अ² − क्ष²)

आता क्ष² = अ² − (अ² − क्ष²) असे लिहिल्यास उजवीकडे −स पुन्हा अवतरतो. म्हणून,

२स = क्ष√(अ² − क्ष²) + अ² साइन⁻¹(क्ष/अ) + स्थिरांक

मूळ समाकल परत आला की आपण फिरून तेथेच आलो, असे विद्यार्थ्यास वाटते. वस्तुतः त्याचा सहगुणक −१ असल्याने तो डावीकडे नेता येतो. सहगुणक +१ असता, तर मात्र हाती काहीच लागले नसते. √(क्ष² + अ²) साठी क्ष² = (क्ष² + अ²) − अ² अशी फोड करावी. तेव्हा साइन⁻¹ च्या जागी लॉग|क्ष + √(क्ष² + अ²)| येतो.

भूमितीय अर्थ : अ त्रिज्येच्या वर्तुळात ० ते क्ष पर्यंतच्या कंसाखालील क्षेत्रफळ हे एक काटकोन त्रिकोण व एक वर्तुळपाकळी यांची बेरीज असते. सूत्रातील दोन पदे ती हीच. क्ष = अ घेतल्यास त्रिकोण लोप पावतो व उरते (अ²/२) साइन⁻¹(१). परंतु अ · साइन⁻¹(१) म्हणजे परिघाचा चौथा भाग. त्यावरून संपूर्ण वर्तुळाचे क्षेत्रफळ परिघ × व्यास ÷ ४ येते. इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेला नियम हाच आहे.

उपयोजन : पेट्रोलपंपावरील आडव्या दंडगोलाकार टाकीत मापकाठी घालून साठा पाहतात. सपाट टोकांच्या टाकीचा व्यास २ मीटर व इंधनाची उंची ०.५ मीटर असल्यास साठा पाव असेल, असा समज होतो. वरील सूत्राने केंद्ररेषा ते इंधनाचा पृष्ठभाग यांमधील छेदाचे क्षेत्रफळ २(०.२१६५ + ०.२६१८) = ०.९५६६ चौ. मी. येते. अर्धवर्तुळाच्या १.५७०८ मधून ते वजा जाता ०.६१४२ चौ. मी. उरते. म्हणजे साठा सुमारे १९.६ टक्केच असतो. काठीवरील समान खुणा समान साठा का दर्शवीत नाहीत, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष : सूत्र सांगण्यापूर्वी त्रिकोण व पाकळीची आकृती काढून घ्यावी आणि सिद्धता विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावी. क्ष² ची योग्य फोड एवढी एकच युक्ती लक्षात राहिली, तरी तिन्ही सूत्रे पाठांतरावाचून मिळविता येतात.