अडवणुकीच्या वास्तू, विहाराची स्थळे

डेन्मार्कच्या प्रवासास निघालेल्या मनुष्याच्या हाती पहिल्याने जे चित्र पडते ते बहुधा कोपनहेगनच्या बंदरात खडकावर बसलेल्या मत्स्यकन्येचे असते. एडवर्ड एरिकसन या शिल्पकाराने घडविलेली ही ब्राँझची मूर्ती १९१३ साली तेथे बसविण्यात आली. सव्वा मीटर उंचीच्या त्या मूर्तीचे दर्शन घेऊन झाले, की सुट्टीचे उरलेले दिवस कसे वेचावेत असा प्रश्न ज्याला पडेल त्याला माझे सांगणे असे, की जटलंडचे द्वीपकल्प आणि चारशेहून अधिक बेटे मिळून झालेल्या या देशात गलबतांना, शत्रूंना आणि प्रसंगी स्वतःच्याच प्रजेला अडविण्यासाठी पूर्वी जे जे उभारले गेले, त्याचा माग काढीत त्याने फिरावे. कारण आज तेथील आनंदाची उत्तमोत्तम स्थळे नेमकी तीच आहेत.

आरंभ राजधानीतच करावा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोपनहेगनला तटबंदी होती आणि रात्री तिच्या वेशी बंद होत. त्या तटाच्या बाहेरील अंगास, पश्चिम वेशीपाशी, गेओर्ग कार्स्टेनसन नावाच्या कल्पक गृहस्थाने राजाची परवानगी मिळवून १५ ऑगस्ट १८४३ रोजी तिवोली हे विहारोद्यान खुले केले. दिवे लागल्यावर त्यातील ज्या तळ्याच्या काठी लोक बसतात ते तळे म्हणजे जुन्या खंदकाचाच एक तुकडा होय. येथील १९१४ सालच्या लाकडी घसरगाडीवर आजही एक माणूस गाडीबरोबर बसून हाताने ब्रेक लावतो, आणि मूकनाट्याच्या रंगमंचापुढे १८७४ पासून मोराच्या पिसाऱ्याच्या आकाराचा पडदा उघडमीट करीत आला आहे. पुढे तट पाडल्यावर मोकळ्या झालेल्या भूमीवर वनस्पती-उद्यान आणि अर्स्टेड उद्यान झाले. त्यांतील जलाशयही खंदकाचेच वंशज आहेत.

परंतु ज्याच्यासाठी एक संपूर्ण दिवस राखून ठेवावा ते स्थळ म्हणजे हेल्सिंगोर. राजधानीहून उत्तरेस जाणारी आगगाडी पाऊण तासात तेथे पोचविते, आणि क्रोनबोर्ग किल्ल्याच्या बुरुजावर उभे राहिले असता समोर, अवघ्या चार किलोमीटरांवर, स्वीडनचा किनारा दिसतो. बाल्टिक समुद्रातील धान्य, ताग, लाकूड आणि डांबर पश्चिमेकडे नेणाऱ्या गलबतांना हीच सोयीची वाट असल्यामुळे, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात एरिक राजाने येथे जी जकात बसविली ती १८५७ पर्यंत चालू राहिली, आणि तिच्या भरभराटीच्या काळात राज्याच्या महसुलाचा फार मोठा हिस्सा या एका चौकीवर जमा होत असे. प्रारंभी दर गलबतामागे ठरावीक रक्कम घेत. १५६७ पासून मालाच्या मानाने आकारणी होऊ लागली. तिची तजवीज मोठी चातुर्याची होती. मालाची किंमत नाखव्याने स्वतःच सांगावयाची. मात्र त्या किमतीस तो सबंध माल विकत घेण्याचा हक्क राजाने राखून ठेवलेला. किंमत कमी सांगावी तर माल मातीमोलाने राजाच्या कोठारात जाण्याची धास्ती, आणि जास्त सांगावी तर जकात वाढणार. अशा पेचात सत्य सांगणे हाच किफायतीचा मार्ग उरे. कोणत्याही मुलकी अंमलदाराने मनन करावे असा हा कायदा आहे असे मला मनापासून वाटते. या चौकीची दप्तरे कोपनहेगनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात जतन केलेली असून, कोणते गलबत, कोणत्या बंदराचे, काय भरून गेले याच्या त्यांतील लक्षावधी नोंदी युरोपच्या व्यापाराचा इतिहास लिहिणाऱ्यांना अमोल ठरल्या आहेत.

जकातीच्या द्रव्यावर दुसऱ्या फ्रेडरिक राजाने १५७४ ते १५८५ या काळात जुन्या गढीचा राजवाडा केला, आणि पुढे शेक्सपियरने हॅम्लेटचे कथानक येथे आणून ठेवले. १८१६ मध्ये, कवीच्या मृत्यूस दोनशे वर्षे झाली तेव्हा, शिबंदीतील सैनिकांनीच ते नाटक किल्ल्यात केले. १९३७ साली लॉरेन्स ऑलिव्हिए आणि व्हिव्हियन ली यांचा प्रयोग चौकात ठरला होता, पण पावसाने तो जवळच्या हॉटेलच्या दिवाणखान्यात करावा लागला. उन्हाळ्यात किल्ल्यात अजूनही शेक्सपियरची नाटके होतात. खाली अंधाऱ्या तळघरांत होल्गर डान्स्के या पुराणपुरुषाची निद्रिस्त मूर्ती आहे. देशावर संकट आले की तो जागा होईल अशी श्रद्धा आहे. परत येताना वाटेत हुमलेबेक येथे उतरून, समुद्रकाठच्या हिरवळीवर १९५८ साली उघडलेले लुइझियाना हे आधुनिक कलेचे संग्रहालय पाहावे आणि राईच्या काळ्या पावावर मासळी रचलेले स्मॉरब्रॉड तेथेच खावे.

मराठी वाचकाने येथे आणखी एक गोष्ट स्मरणात ठेवावी. इतरांच्या गलबतांना अडविणाऱ्या या राज्याने बंगालमध्ये मात्र अडविलेल्यांना आश्रय दिला. इंग्रज कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नव्हती, तेव्हा विल्यम कॅरी आणि त्याचे सहकारी डॅनिश निशाणाखालील श्रीरामपुरास राहिले, आणि तेथील छापखान्यातून १८०५ साली कॅरीचे मराठी व्याकरण व १८१० साली मराठी कोश बाहेर पडला. तिकडे दक्षिणेत, डॅनिश मिशनमार्फत १७५० साली तरंगंबाडीस आलेला श्वार्ट्झ पुढे तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांचा शिक्षक झाला. ही दोन्ही ठाणी १८४५ साली साडेबारा लाख रुपयांस इंग्रजांना विकली गेली. आपल्या भाषेच्या मुद्रणाच्या इतिहासात मात्र डेन्मार्कचे नाव कायमचे गुंतून राहिले आहे.

शेवटचा दिवस रोस्किल्डला द्यावा. तेथील विटांच्या प्रधानमंदिरात डेन्मार्कच्या राजाराण्यांच्या शतकानुशतकांच्या समाध्या आहेत. पण मन रमते ते खाडीच्या काठी. अकराव्या शतकात, समुद्रमार्गे येणाऱ्या शत्रूला शहरापर्यंत पोचता येऊ नये म्हणून लोकांनी स्कुल्डेलेव गावाजवळच्या अरुंद पाण्यात आपल्याच जुन्या नौका दगड भरून बुडविल्या. १९६२ साली त्या जागेभोवती लोखंडी पत्र्यांचा बांध घालून, आतील पाणी उपसून, पाच नौकांचे हजारो तुकडे चिखलातून एकेक करून काढण्यात आले. त्यांतली सर्वांत लांब, सुमारे तीस मीटरांची युद्धनौका १०४२ च्या सुमारास डब्लिनजवळच्या ओक वृक्षांतून बांधली गेली होती, हे लाकडातील वर्षवलयांवरून कळले. आणि जुन्या हत्यारांनी केलेली तिची प्रतिकृती २००७ साली शीड उभारून त्याच डब्लिनला जाऊन पोचली. उन्हाळ्यात खाडीकाठच्या नौका-संग्रहालयाच्या धक्क्यावरून अशाच घाटाच्या लहान नौका प्रवाशांना घेऊन खाडीत निघतात. त्यांना यंत्र नसते. तिकीट काढून बसलेल्या प्रत्येकाच्या हाती एक वल्हे देतात, कर्णधार ताल सांगतो, आणि बंदराबाहेर गेल्यावर प्रवाशांनीच दोर ओढून शीड चढवावयाचे असते.