परदेशी मदत आणि खेड्याचा दूध संघ

परदेशी मदत म्हटली की आपल्याला फुकटची दूध पावडर आठवते. पण गुजरातेतील खेडा जिल्हा सहकारी दूध संघाची गोष्ट निराळी. आणंदला १९५५ साली त्यांची डेअरी उभी राहिली. यंत्रसामग्री युनिसेफने दिली. अट एकच, संघाने गोरगरीब मुलांना मोफत दूध वाटायचे. पोरांच्या पोटात दूध गेले आणि यंत्रे शेतकऱ्यांच्या संघाकडे राहिली! कोलंबो योजनेतून न्यूझीलंडचेही साहाय्य झाले, डॉ. कुरियन तिकडे जाऊन धंदा शिकून आले. ही शिकवणी आम्ही यंत्रांहून मोलाची मानतो.

पुढे १९७० पासून दूध महापूर योजनेत युरोपची पावडर आली. ती फुकट वाटली असती तर गवळ्याच्या दुधाला कोण विचारणार होते? म्हणून ती शहरी डेअऱ्यांना विकली आणि तो पैसा गावोगावच्या दूध संघांत घातला.